मावशीच्या मापाचं दार

ता. ४

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तू येऊन गेलीस, घर भरल्यासारखं वाटलं. पण त्या पुरातन दाराचे जे दगड आम्ही दुरुस्तीसाठी उतरवून ठेवले होते, त्यांवर खडूने आकडे होते. कुठला दगड कुठे बसवायचा ते त्यावरूनच कळतं. मी चहा आणायला गेले आणि तू ओल्या फडक्याने सगळे लख्ख पुसलेस. चौकीदार कौतुकाने सांगत होते, बाईंनी एक कोपरा सोडला नाही.

पुढच्या शनिवारी पाहणी आहे. दार उभं नसलं तर हे काम माझ्या हातून जाईल. आमच्या फोटोंत साहेब असे ऐसपैस उभे आहेत की मागचं दार दिसतच नाही. मागच्या खेपेला काकांनी तिथे तुझा फोटो काढला होता, तो बसवाल्याबरोबर धाड. तुझी उंचीही कळव, त्यावरून दाराचं माप काढू.

रागावले आहे, पण माया आटलेली नाही.
तुझी बाळी

ता. ६

चि. बाळीस,
अनेक आशीर्वाद.

अगं, मला वाटलं कुणा वात्रटांनी रेघोट्या मारल्यात. एवढे म्हातारे दगड, आणि त्यांना आंघोळ म्हणून नाही. जीव कळवळला. फोटो सोबत आहे. दाराशी ताठ उभी आहे, पोट आत ओढलंय. उंची पाच फूट चार इंच. फोटोची घडी घालू नकोस, घडी बरोबर नाकावर येते.

जेवत जा. मावशीला मनातून उतरवू नकोस.
तुझी मावशी

ता. ९

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

फोटोवरून दगडांचा क्रम लागला, तुझ्या उंचीवरून अंतर काढून खांब उभे केले. पण वरची आडवी शिळा काही केल्या दोन्हीकडे टेकत नाही. साहेबांनी आधी मला नावं ठेवली, मग शिळेला. आता म्हणतात, दगड म्हातारपणी आखडला असेल. मावशी, उंची पुन्हा एकदा मोजशील का? परवा शनिवार.

तुझ्या भरवशावर,
बाळी

ता. ९, संध्याकाळ

चि. बाळीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र आधी माझ्या हाती पडलं, हे तुझं नशीब. तुझी मावशी पाच फूट दोन इंच आहे. लग्न झालं त्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं आणि स्वयंपाकघरातल्या फळ्या मी गुपचूप खाली ठोकल्या. आपल्याला स्टूल लागत नाही, असं ती अजून शेजारणींना सांगते. सांगू दे. ते दोन इंच तू तुझ्या गणितात कुठेतरी जिरव आणि हे पत्र फाडून टाक.

आमच्या दोघांवर लोभ ठेव, तिच्यावर थोडा जास्त.
तुझे काका

ता. १२

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

दार उभं राहिलं. पाहणीच्या बाईंनी हात फिरवून बघितलं आणि माप चोख आहे म्हणाल्या. काम माझ्याकडेच राहिलं. अहवालात तुझा फोटो छापलाय, खाली लिहिलंय, ‘मापासाठी शेजारी मावशी.’ साहेब म्हणाले, उंचीही लिहा. मी लिहिली: ‘दाराला पुरेल एवढी.’

पुढच्या वेळी ये, फडकं मात्र घरी ठेव.
तुझीच बाळी