निरोपाची यांगोना

मिल्डुरा, व्हिक्टोरिया
रविवार, ९ जून २०२४

प्रिय तिती,

बुला. तुला, तुझ्या घरच्या मास्तरांना आणि शाळेच्या ओट्यावर पसरणाऱ्या त्या आळशी मांजरालाही. तुझं पत्र मिळालं. बोटीवर मासळीच्या पेटीशेजारी प्रवास करून आलं असावं, कारण मी ते उघडलं तेव्हा माझ्या खोलीतली मुलगी नाक धरून बाहेर गेली. मी मात्र ते उशाशीच ठेवलंय.

तू म्हणशील, फोन असताना ही बाई कागद का खराब करतेय. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी सगळ्याला हो म्हणून बसते. मागच्या वेळी तू विचारलंस, "तिसऱ्या सत्राला येतेयस ना?" आणि मी म्हणाले, "बघू, बहुतेक." फोन ठेवल्यावर लक्षात आलं, तपासणीला आलेल्या साहेबांना आपण अशीच उत्तरं द्यायचो.

इकडे थंडी पडलीय. सकाळी कामाला निघते तेव्हा गवत पांढरं झालेलं असतं आणि बोटं वाकत नाहीत. काम तेच, वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उठवायचं, अंघोळ घालायची, भरवायचं, पुन्हा निजवायचं. डॉयल आजी रोज मला विचारतात, "तू नवीन आहेस का गं?" मी रोज हो म्हणते. त्या खूश होतात आणि चमचा कसा धरायचा ते मला शिकवतात. मी शिकते. पाळी संपली की हात धुवायचे आणि घरी जायचं. घरी काही न्यावं लागत नाही, ना वह्या, ना कुणाच्या आईची भांडणं. कुणी खिडकीशी येऊन "बाई, बाई" करत नाही.

आपल्याकडच्या आम्ही चौघी आहोत इथे. एक नर्स, बाकी तिघी शिक्षिका. चहाच्या टेबलावर सलोतेनं हिशेब मांडला, "गणित मी, इंग्रजी वासे, विज्ञान ही. एक घंटा आणली की शाळा सुरू." सगळ्या हसलो. मग नर्सनं विचारलं, "शिकवायची आठवण येते का गं तुम्हाला?" सलोते उठली आणि तिनं कप विसळायला घेतले. नंतर आम्ही जादा पाळी कुणाला मिळणार यावर बोललो.

तुझ्या पत्रात गावानं माझ्या क्वार्टरचे गळके पत्रे बदलल्याचं वाचलं. माझ्या कसाव्याला भर घातली, अळूचे कंद नव्यानं लावले, हेही वाचलं. बायकांनी ख्रिसमससाठी माझ्या नावाची चटई विणायला घेतलीय म्हणतेस. तिती, त्यांना थांबव.

गावप्रमुख पेनीकाकांचाही फोन आला होता. मी दात दाखवायला सुवाला जाते असं सांगून निघाले होते ना. ते म्हणाले, "काय बाई, दात निघाला की नाही अजून? फारच खोल गेलेला दिसतोय. सरळ ऑस्ट्रेलियाच्या बाजूनंच काढायला घेतला म्हणे!" मागे यांगोना प्यायला बसलेल्यांचं हसू ऐकू आलं. मग हळूच म्हणाले, "तू काही आमचा निरोप घेतलेला नाहीस. म्हणजे तू इथलीच. आम्ही घर झाडून ठेवतो."

तेच तर. यांगोनाच्या मुळ्यांचा जुडगा वडीलधाऱ्यांपुढे ठेवून, जातो आम्ही, चुकलंमाकलं पोटात घाला, असं म्हटल्याशिवाय आपल्याकडे कुणी गाव सोडत नाही. आणि ते झालं नाही तोवर गाव माणसाला गेलेलं धरत नाही. मास्तर इलाईजा न्यूझीलंडला बस चालवायला गेले, त्यांनीसुद्धा रीतसर यांगोना ठेवली होती. अख्खं गाव धक्क्यावर रडत होतं. मी सुट्टीच्या गर्दीत हातात एक पिशवी घेऊन बोटीत चढले. तुलाही बिनपगारी रजेच्या अर्जावर सही मागितली तेव्हा एका वर्षाचं म्हणाले. तू सही करताना म्हणालीस, "जा, दम खाऊन ये. तुझा वर्ग मी बघते." सही करून तू मला दोन नीरफणस दिलेस. ते मी बोटीवर कुणाला तरी देऊन टाकले.

आता जेवणाची घंटा झाली. उरलेलं नंतर लिहीन.

बुधवार

पुन्हा बसलेय. आज सुट्टी आहे आणि दुपारभर मी भिंतीकडे बघत होते. दुःखी नाहीये मी. काळजी करू नकोस. मला काहीच होत नाही, एवढंच.

तुझ्या पत्रातली मधली ओळ मी टाळत होते. रजा असेपर्यंत जागा माझ्याच नावावर राहते आणि खातं म्हणतं, जागा भरलेली आहे, दुसरी बाई कुठून देऊ. म्हणजे माझी तिसरी-चौथी आणि तुझी पाचवी-सहावी तू एकाच खोलीत बसवतेस. शिवाय मुख्याध्यापकीचं काम, शिवाय टेकडीवर चढून फोनला रेंज आली की माहिती पाठवणं. आणि तू लिहितेस, "मी ठीक आहे, फक्त आवाज बसलाय." तिती, आवाज बसलाय असं मीही सांगायचे.

लोक म्हणतील, पैशासाठी गेली. म्हणू देत. पेनीकाकांनाही तेच सांग, ते त्यांना समजेल. पण तुला खरं सांगते.

उनाईसी आठवते ना, नदीपलीकडची? दोन वर्षं तिला एक अक्षर लागत नव्हतं. मी काय काय केलं ते तुला माहीत आहे. वाळूत गिरवून घेतलं, गाण्यात बसवलं, शाळा सुटल्यावर मांडीवर घेऊन बसले. तू म्हणायचीस, "सोड आता, सगळ्यांनाच येतं असं नाही." मी तुझ्यावर चिडायचे.

गेल्या नोव्हेंबरात, साहेब बोटीनं यायच्या आदल्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत ती धावत आली. हातात मासळीचा रिकामा पत्र्याचा डबा, झाकणाची धार तशीच. म्हणाली, "बाई, यावर टोमॅटो लिहिलंय! टो-मॅ-टो!" मागे सगळी पोरं. डब्यावर आणखी काय लिहिलंय तेही तिनं वाचलं, अडखळत, पण वाचलं. पोरांनी टाळ्या पिटल्या. चौथीतला तो आगाऊ सिमियोनी, जो मला विचारायचा, "बाई, बाबा तिकडे संत्री तोडतात, त्याला भूगोल लागतो का?", तोसुद्धा नाचायला लागला.

मी टेबलावर तक्ते भरत होते. दोन्ही वर्गांचे, प्रत्येक मुलाला किती शब्द येतात त्याचे. मी वर पाहिलं. वाट पाहिली, आता काहीतरी वाटेल म्हणून. काहीच वाटलं नाही, तिती. आनंद नाही, रागसुद्धा नाही. मनात एवढंच आलं की हिच्या रकान्यातला आकडा आता बदलावा लागेल. मी म्हणाले, "छान. जा, हात धुऊन बस."

मग तिनं डबा नीट कचऱ्याच्या पेटीत टाकला आणि हात धुवायला गेली.

मी रात्रभर झोपेन, सकाळी परत येईल ते, असं वाटलं होतं. नाही आलं. सुट्टी लागेपर्यंत मी रोज फळ्यापुढे उभी राहत होते आणि माझं तोंड शिकवत होतं. साहेबांनी शेऱ्यात "उत्तम" लिहिलं. तो शेरा वाचूनच मी ठरवलं. कुणाच्याच लक्षात येत नव्हतं, म्हणजे मी आणखी वीस वर्षं तशीच उभी राहिले असते आणि कितीतरी पोरांचे डबे कचऱ्यात गेले असते.

निरोप मी का घेतला नाही, आता कळलं असेल. वडीलधारे विचारतात, बाई, आमचं काय चुकलं? त्यांचं काही चुकलं नव्हतं आणि मला रडता येत नव्हतं. अख्खं गाव रडताना कोरड्या डोळ्यांनी बसायचं कसं?

डॉयल आजींना मी चमच्यानं भरवते तेव्हाही मला काही वाटत नाही. पण त्यांना ते चालतं. पोट भरतं त्यांचं. पोरांना तेवढ्यानं चालत नाही.

म्हणून या पाकिटात राजीनामा ठेवलाय, खात्याच्या नावानं, तुझ्यामार्फत. आता जून आहे. तू या आठवड्यात पाठवलास तर तिसऱ्या सत्राला कुणीतरी येईल. एखादी नुकतीच शिकून आलेली, बडबडी, रडकी, चालेल. तिला माझं क्वार्टर दे. चटई तिच्या नावानं विणा. तिच्याकडून तक्ते कमी भरून घे, साहेब ओरडले तर ओरडू देत. आणि तुझा आवाज खरंच बसला असेल तर सुवाला जाऊन दाखव. तू खोटं सांगत असशील तर मला लिही.

इथे कामाला असलेला आपल्याकडचा सेवानाया सुट्टीवर तिकडे येतोय, त्याच्याच हाती हे पाकीट देतेय. सुवाच्या बाजारातून मुळ्या घ्यायला सांगितलंय त्याला, अख्ख्या, दळलेल्या नव्हेत. तुझ्या मास्तरांना म्हणावं, त्या माझ्या वतीनं पेनीकाकांपुढे ठेवा आणि म्हणा, वासेमाथा जाते. आजारपण, अडचण, परत येईन, यातलं काही म्हणू नका. रागावले तर ऐकून घ्या. त्यांनी स्वीकारल्याची टाळी वाजवली की मला कळव. नाही वाजवली तरी कळव.

तू माझ्यावर चिडशील. चिड. फोनवर माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, पण राजीनामा दाबून ठेवू नकोस. तुला ओळखते म्हणून सांगते, तू दाबून ठेवशील.

आणि पोरांना बाई आजारी आहेत असं सांगू नकोस. ती रोज सकाळच्या प्रार्थनेत माझं नाव घेतील आणि उनाईसी सगळ्यांत मोठ्यानं घेईल. त्यांना सांग, बाईंनी शाळा सोडली.

तुझीच,
वासेमाथा
(बाई नव्हे. नुसती वासेमाथा.)