रुजवात घेणार

अण्णा,

तुम्ही जाऊन चोवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला चार ओळी लिहाव्यात असं कधी वाटलं नाही, आणि आज बसले आहे तेही मायेने नाही. किळस आली आहे म्हणून बसले आहे. दोन महिने मला वाटत होतं की ती दुसऱ्या कुणाची तरी आली आहे. त्या माणसाच्या नावाने मी घरात, कॉलेजात, फोनवर बोटं मोडत होते. काल दुपारी झेरॉक्सच्या दुकानात काचेवर ठेवलेला माझाच हात दिसला आणि कळलं, ती माझीच आहे. घरी येऊन साबणाने दोनदा हात धुतले. तुम्ही कागदाला हात लावण्याआधी धुवायचात, मी लावल्यानंतर धुतले.

माझा एक विद्यार्थी आहे. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही, तो तुमच्यानंतरचा. आता तोही प्राध्यापक आहे, सभांना कडक इस्त्रीचे कपडे घालून जातो आणि बोलायला उठला की लवकर बसत नाही. दोन महिन्यांपूर्वी त्याचं पुस्तक आलं, सोनपेठच्या जुन्या आठवडी बाजारावर. परभणीतच प्रकाशन झालं. शाली, नारळ, हार, एकमेकांना ओवाळणारी भाषणं, सगळं यथासांग पार पडलं आणि मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. घरी येऊन पुस्तक उघडलं तर तिसरं प्रकरण माझ्या प्रबंधातलं. उचललंही असं आळसाने की माझी वाक्यं इकडची तिकडे करायचे कष्टसुद्धा घेतले नव्हते. मग सुरुवातीची पानं पाहिली. ऋणनिर्देशात संस्थेचे अध्यक्ष, सचिव, सचिवांच्या पत्नी, मुखपृष्ठवाला, वेळोवेळी गाडी देणारा मेहुणा, आणि सगळ्यांत शेवटी मी: ‘मॅडमनी प्रेरणा दिली. त्यांचे आभार न मानता त्यांच्या ऋणातच राहणे मला आवडेल.’ मराठीत याच्याइतकं लबाड वाक्य दुसरं नसेल. द्यायचं काहीच नाही, आणि वर नम्र दिसायचं. मी त्याच आठवड्यात त्याच्या कॉलेजकडे लेखी तक्रार केली.

आता ते कागद. तुम्हाला आठवत असतील. सोनपेठच्या एका घरच्या माळ्यावर गाठोडं सापडलं होतं, निजामाच्या वेळचे अर्ज, सगळे उर्दूत. बाजारात कुणी कुठे बसायचं यावरून लोकांनी केलेल्या तक्रारी. मी एसटीने जाऊन ते मांडीवर ठेवून गंगाखेडला आणलं. तुम्ही तहसीलमधून रिटायर होऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि दिवसभर करायला काही नव्हतं. अजून डोळ्यांसमोर आहे: सकाळची वेळ, आई चुलीपुढे भाकरी थापते आहे, तुम्ही पाटावर बसला आहात, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. हात धुता, धोतराला पुसता, कागद उघडता आणि आधी सगळा उर्दूत वाचता, मोठ्याने, जसा काही तो अर्जदार दारात उभा आहे आणि त्याला ऐकू जायला हवं. मग मराठीत सांगता आणि मी लिहिते. एका कासारणीचा अर्ज होता. बैल बांधायची जागा तिच्या दुकानाला इतकी लागून होती की बायका बांगड्या भरायला बसल्या की बैलाची शेपटी तोंडावर यायची. तुम्ही हसत सुटलात. ‘आगं, लय तालेवार बाई हाय ही. साहेबालाच म्हणायली, एक दिस तुमच्या बेगमला इथं बसवून बघा.’ आई म्हणाली, ‘खरंच म्हणायली की ती.’ मी घाईघाईने ‘बेगम’ लिहून घेतलं. मला तेव्हा उर्दूचं एक अक्षर येत नव्हतं.

तुम्ही शिकवायला बघितलंत. मुलांना अक्षरओळखीला देतात ते पातळ पुस्तक, कायदा, परभणीहून आणलंत. त्यावर अलिफच्या शेजारी अननस काढलेला होता. मी आठवडाभर गिरवलं आणि सोडून दिलं. म्हटलं, वेळ नाही अण्णा, प्रबंध द्यायचाय. तुम्ही ते पुस्तक आवरून ठेवलंत. पण एक गोष्ट मात्र तुम्ही सोडली नाहीत. तहसीलमध्ये कुठल्याही कागदाची नक्कल दिली की खाली दोघांची नावं पडतात, नक्कल करणाराचं आणि ती मुळाशी ताडून बघणाराचं, म्हणजे रुजवात घेणाराचं. आयुष्यभर तुम्ही तेच केलं होतं. माझ्या वह्यांनाही तोच कायदा लावलात. प्रत्येक अर्ज संपला की तुम्ही मी लिहिलेलं परत वाचून घ्यायचात, मुळाशी ताडायचात आणि खाली सही करायचात, उर्दूत. मग माझ्याकडे पेन द्यायचात. मी वैतागायचे. ‘अण्णा, ही काय कचेरी आहे का?’ ‘नसंना का. उद्या कुणी इचारलं हे वाचलं कुणी, तर? कागद काय तोंडानं बोलतोय व्हय?’ अडतीस अर्ज झाले. तीन वह्या भरल्या. प्रत्येक अर्जाखाली तुमची सही आहे आणि तिच्या शेजारी माझी, घाईची, नाइलाजाची.

माझ्या मार्गदर्शकांना मी खरं सांगितलं होतं, हे मी स्वतःला पुष्कळदा ऐकवलं आहे. ते म्हणाले, ‘वडिलांचं कशाला मध्ये आणता? मूळ साधनांचे वाचन संशोधकाने स्वतः केले आहे, असं लिहा. परीक्षकांवर छाप पडते.’ मी लिहिलं. कुणी माझा हात पिरगाळला नव्हता. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी कौतुकाने विचारलं, उर्दू कुठे शिकलात? मी म्हटलं, ‘घरीच, वडिलांकडून.’ सगळे प्रसन्न झाले. एकजण म्हणाले, वा, अशी घरं आता राहिली नाहीत. खोट्याला तुमचंच नाव लावलं होतं, त्यामुळे ते इतकं शोभून दिसलं. आणि ऋणनिर्देशात मी काय लिहिलं होतं ते मी विसरले होते, अण्णा. परवा प्रबंध काढून पाहिला. कुलगुरू, मार्गदर्शक, मार्गदर्शकांच्या पत्नी, टंकलेखक, आणि खाली: ‘आईवडिलांचे आशीर्वाद पाठीशी होते. त्यांचे आभार न मानता त्यांच्या ऋणातच राहणे मला आवडेल.’ माझ्या विद्यार्थ्याने ते वाक्यसुद्धा माझ्याकडूनच उचललं आहे.

प्रबंध बांधून आला तो दिवस. तुम्ही हात धुतलेत. कारकुनाच्या सवयीने आधी शेवटचं पान उघडलंत, खालची बाजू पाहिलीत, मग पुढून सगळं चाळलंत, परत शेवटी गेलात. ‘रुजवात कुणी घेतली ते न्हाई लिवलं?’ एवढंच विचारलंत. मी म्हटलं, पुस्तकात तसं नसतं अण्णा. आई चुलीपासून म्हणाली, ‘घरच्या माणसाचे काय आभार मानायलेत? परके हायेत का ते?’ मला आईचा इतका आधार वाटला. तुम्ही ‘नसंल बाबा’ म्हणालात, प्रबंध नव्या टॉवेलात गुंडाळून भिंतीतल्या देवळीत ठेवलात आणि जेवायला बसलात. आल्यागेल्याला तो काढून दाखवायचात. लेकीनं लिवलाय म्हणायचात. स्वतःचं त्यातलं कधी कुणाला सांगितलं नाहीत, आणि मला वाटलं, चला, विसरले. मला तेव्हा हायसं वाटलं होतं हे आज लिहिताना तोंड कडू होतं आहे.

पुढचा सगळा तमाशा तुम्हाला माहीत आहे, निम्मा तरी. मी उर्दूवाली बाई झाले. कुणी जमिनीचा कागद आणायचं, कुणी लग्नपत्रिका. मी ‘ठेवून जा, निवांत बघते’ म्हणायचे आणि रविवारी गंगाखेडला तुमच्यापुढे टाकायचे. तुम्ही गेलात त्यानंतर मी डोळ्यांच्या दुखण्याचं निमित्त काढलं. लोक हळहळले. आणि मग तुमच्या हातून झालेली एक चूक कळली. निजामाच्या कचेरीतलं फसली साल दसऱ्याच्या सुमारास सुरू व्हायचं. त्याचं इंग्रजी साल काढायचं तर सुरुवातीच्या तीन महिन्यांना पाचशे नव्वद मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढे पाचशे एक्याण्णव. तुम्ही सरसकट पाचशे नव्वदच मिळवलेत. कचेरीत तुम्हाला फसलीचं इंग्रजी करायची वेळच कधी आली नव्हती. त्यामुळे अडतीसपैकी सव्वीस अर्ज एकेक वर्ष मागे पडले. हे मला वीस वर्षांपूर्वी समजलं आणि मी गप्प बसले, कारण दुरुस्ती छापायची तर चूक झाली कशी ते सांगावं लागलं असतं.

आता गंमत बघा. माझा विद्यार्थी म्हणतो, मी चोरी केली नाही, मूळ कागद मी स्वतः वाचले. काम झाल्यावर गाठोडं मी सोनपेठला परत केलं होतं; ते घर कधीच पडलं, गाठोडं भिजून लगदा झालं, त्यामुळे ताडायला काही नाही. त्याला उर्दू येत नाही. पण हे मी कुठल्या तोंडाने म्हणू? एकच गोष्ट त्याला पकडते: त्याच्याही पुस्तकात तेच सव्वीस अर्ज तेवढ्याच एका वर्षाने चुकले आहेत. त्याच्या कॉलेजच्या चौकशी समितीने मला कळवलं की ही चूक मुळात माझ्या प्रबंधातली, हे दाखवणारी टिपणं असतील तर सोमवारी छायाप्रती आणा. मी निवेदन लिहिलं, ‘सदर चूक माझी स्वतःची असून’. तुमचं वाचन घेतलं होतंच, आता तुमची चूकसुद्धा माझ्या नावावर करून घेतली. आणि काल तीन वह्या घेऊन झेरॉक्सला गेले. जाताना पर्समध्ये कोऱ्या कागदाची एक पट्टी कापून ठेवली होती, बरोबर सहीच्या मापाची.

दुकानदार नेहमीचे आहेत, माझ्याच वयाचे, मला मॅडम म्हणतात. एकेका पानाखालच्या सहीवर मी पट्टी ठेवत होते, ते बटण दाबत होते. तुमची सही झाकली जात होती आणि माझी राहत होती, कारण पट्टी मी तशीच कापली होती. सह्यांची सदतीस पानं झाली. शेवटच्या वहीचं शेवटचं पान आलं, तिथे सहीच्या खाली तुमच्या हातच्या आणखी दोन उर्दू ओळी आहेत. तीस वर्षं मी त्या पाहिल्या आहेत. कुणाला विचारल्या नाहीत, विचारणार कशी? मी पट्टी सारली, ती पुरेना. त्यांनी वाकून पाहिलं. ‘मॅडम, अक्षर लय देखणं हाय हो. असं आता कोण लिवत न्हाई.’ मग बोट ठेवून म्हणाले, ‘ह्याच्यात तुमचं नाव हाय की.’ त्यांना उर्दू वाचता येतं हे मला ठाऊक नव्हतं. ते पुढचं वाचायला लागले आणि मी पान ओढून घेतलं. ‘राहू द्या. मला माहीत आहे ते.’ ते ओशाळले. मी पैसे ठेवून निघाले.

म्हणजे तुम्ही त्या पानावर माझं नाव घातलं होतं. आणि मी तुमचं झाकायला मापाची पट्टी कापली. त्या विद्यार्थ्याने निदान मला एक लबाड वाक्य तरी दिलं होतं.

आज शनिवार. पाकीट टेबलावर आहे, वर निवेदन. वह्याच घेऊन जावं, पट्टीशिवाय, आणि आधी माझं सांगून मग त्याचं सांगावं, असं सकाळपासून पाच वेळा ठरवलं आहे आणि चार वेळा मोडलं आहे. त्याचं काय होईल याची मला आता फारशी पर्वा नाही. माझं काय होईल ते चांगलंच माहीत आहे. तुम्ही मला निडर समजायचात, ते तेवढं खरं नव्हतं. हे पत्र कुठे टाकणार? तिसऱ्या वहीतच ठेवीन. तुम्ही असता तर म्हणाला असतात, खाली नाव घाल. घातलं आहे.

उद्या रविवार, दुकान बारापर्यंत उघडं असतं. समितीच्या आधी तिथे जायचं आहे. ते शेवटचं पान काचेवर न ठेवता त्यांच्या हातात द्यायचं आणि म्हणायचं, परवा खोटं बोलले, मला हे वाचता येत नाही, वाचून दाखवता का? इथे एकटीने मोठ्याने म्हणून पाहिलं, अण्णा. आवाज फुटला नाही.