तेवीस मिनिटांचा ग्रँड मार्च

मोल्टन, टेक्सस
सोमवार, १४ मे २०१८

प्रिय ताई,

तू बरी आहेस असं तुझी लेक नॅन दर नाताळच्या कार्डात लिहिते, तेव्हा बरीच असणार. मीही बरी. टोमॅटोला फळ धरलंय, कोंबड्या अंडी देतायत, छत दोन ठिकाणी गळतंय. बारा वर्षांनी पत्र लिहायला बसून आधी छताचं रडगाणं गाणारी बहीण तुझ्याच नशिबी यायची होती.

लिहायला कारण तुझी नात. ब्रिनचं पत्र आलंय. ऑक्टोबरात लग्न, आणि "मावशीआजीचं फिडल नसेल तर मला ग्रँड मार्चच नको" असं पोरीने ठासून लिहिलंय. मी तिला हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. तुला विचारल्याशिवाय म्हणणार नाही. तुझ्याच घरचं लग्न, आणि मी तुझ्या डोळ्यांसमोर उभी राहून वाजवायचं, हे तुला चालणार आहे का?

तिच्या यादीत हॅलेट्सव्हिलच्या रस्त्यावरचं ते नवं लग्नाचं कोठार आहे म्हणे. तिला म्हणावं, तिथे पाऊल टाकू नकोस. शनिवारी मी तिथेच वाजवून आले.

कोठार! त्यात जन्मात कधी गाय शिरलेली नाही. नवं कोरं लाकूड आणून, त्याला साखळीने बडवून, जुनं दिसेल असं केलंय. बसायला गवताचे गठ्ठे, आणि गवत टोचतं म्हणून त्यावर पांढऱ्या चादरी. अगं, टोचतं म्हणून तर आपण खुर्च्या शोधून काढल्या ना! सरबत जॅमच्या बरण्यांतून. आपलं सॉसेज नखाएवढं कापून, काडी टोचून, पाटीच्या दगडावर मांडलेलं. कोबी नाही, लोण्यातले बटाटे नाहीत, खसखस भरलेला आपला गोड पाव, कोलाचे, औषधालाही नाही. नवरीचा बाप ह्यूस्टनचा दातांचा डॉक्टर. त्याच्याकडचे झाडून सगळे हॅट घालून आलेले, आणि एकाने गुडघा टेकून फोटो काढला तेव्हा त्याच्या बुटाच्या तळव्याला दुकानाची चिठ्ठी तशीच. गाढवाला गुळाची चव काय!

नवरा मात्र आपल्या चेक लोकांतला. अल्फॉन्स ब्लाहुताचा नातू. म्हणून तर ग्रँड मार्च ठरला, आणि पुढे चालायला अल्फॉन्स आणि त्याची बायको जॉर्जीच. तो आता एक्याऐंशीचा झाला. एक गुडघा नवीन बसवलाय, दुसरा बसवायचा आहे.

आमच्या बँडचं काय सांगू? नाव आहे 'सँडी फोर्क बॉईज', आणि त्या बॉईजमध्ये मी सदुसष्ट वर्षांची बाई. वासरात लंगडी गाय शहाणी. म्होरक्या कोल्बी, गिटार वाजवतो, गातो, वय अठ्ठावीस. आवाज बरा आहे. पण तीन सूर माहीत असले की ही पोरं आरशात बघून दाढी वाढवायला लागतात. ढोलकवाला तर एका हाताने फोन बघतो. पप्पा असते तर त्यांनी तो फोन ढोलातच कोंबला असता.

कोल्बीला मी पप्पांचा नियम शिकवलाय. मार्चमध्ये फिडल थांबल्याशिवाय कुणी थांबायचं नाही. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात तो आधी थांबला, तेव्हा भर हॉलमध्ये मी त्याला असा झाडला, की त्याच्या होणाऱ्या बायकोने माझ्याशी वर्षभर अबोला धरला. पुन्हा तो थांबला नाही.

आता एका बाईबद्दल ऐक. लग्न पार पाडायला एक बाई भाड्याने आणली होती. कानात यंत्र, हातात पाटी, तोंडात च्युइंगगम. मला म्हणते, "मार्चसाठी तुम्हाला तीन मिनिटं आहेत."

म्हटलं, "बाई, तीन मिनिटांत अल्फॉन्स खुर्चीतून उठतो. चालायला लागायचाय अजून."

"म्हणजे नक्की काय असतं त्यात?"

तिला सांगितलं. पुढे म्हातारं जोडपं, मागे नवरा-नवरी, त्यांच्या मागे सगळी जोडपी. दोनदोनांच्या रांगा, मग चारचारांच्या, मग आठआठांच्या, आणि शेवटी सगळ्यांचं मिळून एक भलंमोठं वर्तुळ, त्यात नवरा-नवरी. वर्तुळ जुळलं की पुढारी, म्हणजे तो पुढचा म्हातारा, शिट्टी वाजवतो, मार्च थांबतो आणि नवरीचा वॉल्ट्झ सुरू होतो. आणि मार्च वाजत असताना पुढाऱ्याने थांबायचं नाही, थांबला तर तो संसार अर्ध्यात मोडतो. हे पप्पा सांगायचे, आणि अल्फॉन्स बायबलच्या खालोखाल मानतो.

"किती गोड!" ती म्हणाली, आणि पाटीवर लिहिलं, तीन मिनिटं.

ते 'गोड' माझ्या डोक्यात गेलं. पाच वाजता, लख्ख उन्हात, मार्च सुरू केला तो तेवीस मिनिटं वाजवला. हो, तेवीस. ती बाई हात हलवून दमली. केक वितळला. ह्यूस्टनवाल्यांच्या नव्या बुटांनी त्यांच्या टाचा सोलल्या. म्हटलं, घ्या, हा तुमचा गोड मार्च, चाला आता. असा एकेकाचा माज उतरवला.

हा इथवरचा किस्सा मी आज सकाळी पोस्टमास्तरीण बाईंनाही ऐकवला. त्या पोट धरून हसल्या. रविवारी चर्चबाहेर कॉफी पितानाही चारचौघांना हेच सांगितलं.

ताई, ते खोटं आहे.

मी मुद्दाम वाजवलं नाही. मला शिट्टी ऐकू आली नाही.

हे लिहायला मला सकाळचे चार कप कॉफी लागले. शिट्टी ऐकू आली नाही. कोंबडा आरवताना दिसतो. दारावरची घंटा वाजते म्हणे. स्टील गिटारचे वरचे सूर दोन ईस्टरपासून माझ्यासाठी बंद झालेत. तो माणूस बोटं हलवतो आणि मी मान डोलावते. फिडल तेवढं ऐकू येतं, कारण ते हनुवटीच्या हाडातून आत शिरतं. म्हणून तर कुणाला कळलं नाही. समोरच्याच्या ओठांकडे बघायचं, समजलं नाही की हसायचं, आणि पुन्हा विचारायची वेळ आली की त्यालाच वेड्यात काढायचं. "नीट बोल की, तोंडात काय कोंबलंयस?" माझी जीभ एवढी तिखट का झाली, असं लोक विचारतात. हे त्याचं निम्मं कारण. उरलेलं निम्मं तुला माहीत आहे.

मार्चला मी डोळे मिटते, तेही तुला माहीत आहे. शनिवारी मिटले आणि वाजवत राहिले. वर्तुळ जुळलं, अल्फॉन्सने शिट्टी वाजवली. मी वाजवतेच आहे. पुन्हा वाजवली. कोल्बीने ऐकली, पण थांबेल कसा? थांबलं की काय होतं ते मीच त्याला शिकवलं होतं. आणि मार्च चालू म्हणून अल्फॉन्सला थांबता येईना. त्याने वर्तुळ मोडलं आणि पुन्हा दोनदोनांच्या रांगा काढल्या. पुन्हा चार, पुन्हा आठ, पुन्हा वर्तुळ, पुन्हा शिट्टी. असं तीन वेळा. दोनशे माणसं त्या एक्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यामागे गोल गोल फिरतायत, आणि तो बिचारा नातवाचा संसार मोडू नये म्हणून नव्या-जुन्या गुडघ्यांवर लंगडत चाललाय. मधे नवरी रडकुंडीला आलेली. आणि मी डोळे मिटून मनात म्हणतेय, आज काय झकास लागलाय हात!

शेवटी जॉर्जी रांग सोडून मंचावर चढली आणि तिने माझा गज धरला.

डोळे उघडले. अल्फॉन्स गवताच्या गठ्ठ्यावर पडल्यासारखा बसलेला, तोंड पांढरं, शिट्टी अजून ओठांत. सगळे माझ्याकडे बघतायत. जॉर्जीचे ओठ वाचले. "व्हर्लीन, अगं, तुला ऐकू येत नाही?"

मी काय केलं असेल सांग? मी मागे वळून कोल्बीवर खेकसले. "मेल्या, थांबलास का नाहीस?" नाचता येईना अंगण वाकडं.

तो पोरगा माझ्याकडे बघत राहिला. त्याला कळलं, ताई. डोळ्यांत दिसलं की कळलं. त्याने माइक हातात घेतला. आता हा काय बोलणार ते मला ठाऊक होतं, कारण त्या जागी मी एकदा बोलले होते.

तो म्हणाला, "मंडळी, व्हर्लीनमावशींच्या घराण्यात असं मानतात, की मार्च जितका लांब तितका संसार लांब. आज त्यांनी या दोघांना सत्तर वर्षं देऊन टाकलीत. अल्फॉन्सआजोबांना कुणीतरी थंड बिअर द्या, आणि नवरीबाई, हा घ्या तुमचा वॉल्ट्झ."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवरी हसली. अल्फॉन्सने बिअर घेतली. त्या दाढीवाल्या, तीन सुरांच्या पोराने अर्ध्या मिनिटात सगळं सावरलं, आणि मी वॉल्ट्झ वाजवताना रडत होते. फिडलवाली रडली की लोकांना ते कौतुकाचं वाटतं, म्हणून निभावलं.

तुझ्या वेळी माइक माझ्या हातात होता. चर्चचा हॉल, बारा वर्षांपूर्वीचा वॉल्ट्झ, तू भलत्याच सुरात गायला लागलीस आणि कुणाकडे बघावं ते तुला कळेना. मी म्हटलं, "माफ करा मंडळी, आमच्या ताईने आज बिअर जरा लवकर उघडली." हॉल हसला. तू गिटार खाली ठेवलीस आणि मागच्या दाराने गेलीस. तुझ्या लेरॉयला दारूने नेऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. तू तर कधी थेंबाला शिवली नाहीस.

मी नंतर सगळ्यांना सांगत आले, की ताईला चेष्टा कळत नाही. तुलाही तसंच एक पत्र लिहिलं होतं, तू फाडलं असशील. मला वाटलं ताई प्यायलीय, असं त्यात मी लिहिलं होतं. तेही खोटं. मला माहीत होतं, तुला ऐकू येत नव्हतं. वर्षभर आधीपासून तू माझ्या ओठांकडे बघत होतीस. पण गाणारी बहिरी आहे हे कळलं असतं तर पुढच्या लग्नांना आपल्याला कुणी बोलावलं नसतं. प्यायलेलीला लोक हसतात आणि विसरतात. असा हिशोब मी तिथल्या तिथे केला. सख्ख्या बहिणीचा. तिच्या नवऱ्याच्या थडग्यावरची माती अजून ओली असताना.

ह्यूस्टनवाल्यांना मी नावं ठेवते. त्यांनी खोटं कोठार बांधलं, एवढंच. माझ्याइतकं हलकं त्यांच्यातलं कुणी नाही.

काल कॉफी पिताना माझी ती 'मुद्दाम वाजवलं'ची फुशारकी अल्फॉन्सने ऐकली. काठी टेकत जवळ आला, माझ्या तोंडासमोर तोंड आणून सावकाश म्हणाला, "व्हर्लीन, डेल्फिन त्या दिवशी प्यायली नव्हती."

मी म्हटलं, "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? सगळ्या हॉलला माहीत होतं. डेल्फिन पीत नाही हे कुत्र्यामांजरांनाही माहीत होतं."

"मग हसलात कशाला मेल्यांनो?"

"तू माइकवर बोललीस म्हणून," तो म्हणाला. "तुझी लाज राखायला हसलो. डेल्फिनची राखायला हवी होती."

म्हणजे बारा वर्षं मी जे झाकून ठेवलं, ते सगळ्यांना दिसतच होतं; पांघरूण होतं ते फक्त माझ्या डोळ्यांवर.

आता ब्रिनचं. मी फिडल वाजवू शकते, अजून दोनतीन वर्षं वाजवीन. पण शिट्टी मला ऐकू येणार नाही. नॅनने लिहिलंय की तू कानात यंत्र घालतेस आणि आता तुला पलीकडच्या गल्लीतलं भांडणसुद्धा ऐकू येतं. माझ्या डाव्या हाताला तुझी जागा होती, ती बारा वर्षं मी कुणाला दिलेली नाही. कोल्बीला एकदा हाकलला होता तिथून. तू गाऊ नकोस, गिटारही आणू नकोस. नुसती उभी राहा. पुढाऱ्याने शिट्टी वाजवली की माझ्या खांद्यावर हात ठेव. मी थांबेन.

आणि मार्चच्या आधी माइक मी घेणार आहे. तू शेजारी उभी राहिलीस तरी, न राहिलीस तरी. त्या हॉलला जे माहीत आहे ते मला माझ्या तोंडाने सांगायचंय. तू 'वाजवूच नकोस' म्हणालीस, तर ब्रिनला मी फिडलसाठी नाही कळवीन, आणि का ते खरं खरं लिहीन. मग लग्नाला ये म्हणालीस तर येईन, नको म्हणालीस तर घरी बसेन. तक्रार करणार नाही. करायला तोंड कुठे आहे?

चेष्टा होती, असं मी आता म्हणत नाही. माफ कर, असंही नुसतं कागदावर लिहून भागणार नाही. ते तुझ्या ओठांकडे बघत म्हणायचंय, म्हणजे तुझं उत्तर चुकायचं नाही.

तुझा हात येईपर्यंत थांबता न येणारी,
तुझी धाकटी,
व्हर्लीन