चाकूला धार लागली आणि मिशी गेली

आसेगाव, माघ महिना

रा. रा. पंजाबराव भाऊजींना उकंडरावाचा दोन्ही हात जोडून रामराम. आमची सीता, लेकरं आणि तुमची नवी गाय खुशाल असावीत. इकडे सगळे मजेत. बाबा तर चांगलेच जिवंत आहेत. सकाळीच दोन भाकरी खाऊन मला शिव्या देऊन झाल्या. (हे मुद्दाम आधी लिहितो. रिसोडपर्यंत वेगळं काही पोचलं असेल, तर सीतेला रडू देऊ नका.)

तुम्ही संक्रांतीला दिलेला खिशातला चाकू दिसायला देखणा, पण पेरूसुद्धा कापेना. परवा शिरपूरचे जगदेवराव आपल्या मुलासाठी आमच्या लेकीला, अंजनाला पाहायला येणार होते. पाहुण्यांपुढे आपल्या हातानं पेरू कापावे ही माझी हौस. गोजरा बायकोच्या हक्कानं म्हणाली, "त्या चाकूनं पेरू चेपून राह्यले तुमी. इळा आणू काय?" मला झोंबलं.

विहिरीजवळचा काळा दगड ओला करून बसलो. पातं उभं धरून असं घासलं, की होती तेवढी धारही गेली. ओट्यावरून बाबा ओरडले, "आडवं धर! दगड कायले खरडून राह्यला?" मग पातं जवळजवळ निजवलं, पाठ जराशी उचलली आणि हलक्या हातानं एकदा ही बाजू, एकदा ती बाजू फिरवत गेलो. कडेला बारीक खरबरीत कणी आली, ती बैलाच्या जुन्या चामडी पट्ट्यावर पुसून काढली. उन्हात धार अशी लखलखली, की मी एकटाच हसलो.

धार पाहावी म्हणून मनगटावरचे केस काढले. सरसर निघाले. दुसऱ्या हातावरचेही निघाले. (शहाणा माणूस इथं थांबला असता.) मिशीचं एक टोक जरा वर गेल्यासारखं वाटलं, ते सारखं करायला आरशापुढे गेलो आणि उजवी मिशी खाली! डावी एकटी ठेवून काय करू? तीही उतरवली. तेवढ्यात दारात छकडा थांबला.

जगदेवरावांनी माझं तोंड पाहिलं आणि हातातली साखरेची पुडी पाठीमागे लपवली. बाप गेला म्हणजे मिशी उतरते, हे कोणाला सांगावं लागतं? त्यांनी मला मिठीच मारली. "कवा गेले रामराव? आमाले सांगावा तरी धाडायचा!" त्यांच्या बाईनं हंबरडा फोडला. गल्ली जमली. मला बोलायला सवडच मिळेना. रडणं ऐकून बाबा काठी टेकत बाहेर आले (त्यांना पाहुण्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं), गर्दीत बसले आणि डोळे पुसू लागले. मग मला हळूच विचारलं, "कोन मेलं बे?"

"तुमी," मी म्हटलं.

"मंग सैपाक काहून थांबला?"

जगदेवराव आधी बाबांकडे, मग माझ्या ओठाकडे पाहत राहिले, आणि खांब धरून असे हसले की पागोटं सुटलं. अंजनानं हसू दाबत पेरू आणले आणि त्याच चाकूनं कागदासारख्या पातळ फोडी केल्या. "असं हासरं घर आमाले कुठं भेटन?" म्हणत त्यांनी साखर तिथंच वाटली. सोयरीक पक्की!

तुमचा बिनमिशीचा मेव्हणा,
उकंडराव

ता. क. पत्राचं खरं कारण हे : लग्न याच महिन्यात आहे. मांडवात आमच्या बाजूनं पुढे एक तरी भरदार मिशी हवी. तुमची घेऊन चार दिवस आधीच या.

पुन्हा ता. क. गोजरा काल म्हणाली, "मिशीबिगर तुमी आपल्या लगनातल्यावानी दिसता." म्हणून आज उगवलेले खुंट पुन्हा काढले. तुम्ही मात्र निघण्याआधी सीतेला आपल्या मिशीबद्दल काही विचारू नका.