दाढदुखीची साथ

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजी जिना चढतात, की अजून जिन्यालाच नावं ठेवतात? मी बरा आहे. एक दाढ कमी आहे, आणि त्या दाढेपायी जे झालं तेच सांगायला बसलोय.

मागच्या महिन्यात ती ठणकत होती. जिन्याखालच्या माझ्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात बसलो असताना वरच्या शिवणवाल्या बाई (तुझ्या उशांचे अभ्रे शिवले त्या) नेहमीप्रमाणे म्हणाल्या, ‘‘काय काका, वाजले किती?’’ अकरा वर्षं मी ‘‘कुठल्या घड्याळात?’’ म्हणतो आणि त्या हसतात. त्या दिवशी तोंड उघडवेना, म्हणून गाल धरून मान फिरवली. ते पोस्टमनसाहेबांनी पाहिलं (निवृत्त झालेत, पण बातम्या वाटणं चालू आहे). घड्याळजी सरळ माणूस, उगाच तोंड फिरवणार नाही, असं ते पहिल्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंना म्हणाले. माझ्या सरळपणाची कदर आयुष्यात एकदाच झाली, ती ही. मास्तरीणबाईंनी शिवायला टाकलेलं कापड परत नेलं, त्यांचं पाहून इतरांनी. आठवड्यात अख्ख्या इमारतीने शिवणवाल्या बाईंशी बोलणं टाकलं. कारण कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणजे ते फारच गंभीर असणार, यावर मात्र एकमत होतं.

दाढ काढून आलो तर जिन्यात शुकशुकाट. बाईंनी केलं तरी काय, असं मी पोस्टमनसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, ‘‘ते तुम्हालाच माहीत.’’ हसू नकोस ताई, पण एवढी माणसं अबोला धरतात म्हणजे काहीतरी असणारच, असं मलाही वाटलं. म्हणून मीही बोललो नाही. लाज वाटते लिहिताना.

काल बाईंनी शिवणयंत्र खाली उतरवलं. गिऱ्हाईक तुटलं, जागा सोडली. दुकानापाशी थांबून म्हणाल्या, ‘‘काका, एवढंच सांगा, माझं चुकलं काय?’’ आता दाढ नव्हती, पण मागे पोस्टमनसाहेब उभे होते. मी एक घड्याळ उघडलं आणि त्यात डोळा घालून बसलो.

तुझा भाऊ

ता. क. आता सगळे म्हणतात, बिचारीवर अन्याय झाला. सुरुवात कुणी केली याचा शोध चालू आहे. शोधणाऱ्यांत मीही आहे.

आणखी एक. माझ्या मागच्या दोन पत्रांना तुझं उत्तर नाही. कुणी काही सांगितलं असेल तर आधी मला विचार. आणि नुसती दाढ दुखत असेल, तर तेवढं तरी लिही.