चाळीस जणांचे तास

प्रिय ताई,

तुला आणि आईला नमस्कार. मी बरी आहे. वेळेवर जेवते, खोलीत ऊनही छान येतं. आईचा गुडघा कसा आहे? जिना चढू देऊ नकोस तिला.

कॉलेजातला कॉम्प्युटरचा वर्ग चालू आहे. मुली मला मावशी म्हणतात आणि माझी वळणदार अक्षरातली वही बघून हसतात, पण प्रेमाने.

काल एक्सेलची परीक्षा झाली. चाळीस कामगारांच्या तासांची बेरीज करायची होती. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवलं होतं तसा मी तोंडी हिशेब केला आणि उत्तरं एकेका चौकटीत टाइप केली. दोनदा तपासली. एकही चुकलं नव्हतं.

मॅडमनी एका चौकटीवर क्लिक केलं. "मावशी, फॉर्म्युला कुठाय?"

"डोक्यात," मी म्हणाले. सगळे हसले, मीही हसले. मग त्यांनी एका कामगाराचे तास बदलून दाखवले. फॉर्म्युला असता तर बेरीज आपोआप बदलली असती; माझी जिथल्या तिथे ढिम्म बसून राहिली. शून्य मार्क.

ताई, मी दुसऱ्यांदा नापास झाले. ऑफिसातल्या साहेबांनी स्पष्ट सांगितलंय, सर्टिफिकेट आणलं नाही तर माझ्या टेबलावर दुसरी बाई बसेल. बावीस वर्षं त्या टेबलावर काम केलं. आता मला नेमकं काय येतं, तेच कळेनासं झालंय.

हे आईला वाचून दाखवू नकोस. परीक्षा झाली, एवढंच सांग. आणि मला कळव, मागच्या खोलीतली माझी खाट अजून आहे, की काढून टाकलीत?

तुझीच,
धाकटी