कालवणाचा घोटाळा

मुंबई, फाल्गुन शुद्ध पंचमी

माय, तुला तुझ्या चंद्रप्पाचा शरणार्थ. धोंडप्पा, भावा, तिला हे मोठ्यानं वाचून दाखव.

मी मजेत हाय. मागल्या हप्त्यात पेढीचे मालक माझ्या कामावर खूश होऊन मला समुद्राकाठच्या खानावळीत घेऊन गेले. लोक ऐसपैस बसून गप्पा मारायलेत, वारं लय गार. मालक म्हणले, "कालवं मागवू का?" मला वाटलं, कालवण. म्हणलं, "भरपूर मागवा."

ताटात आले शिंपले! आत लिबलिबीत जीव. इकडं त्यालाच कालवं म्हणतेत, माय.

माझा हात गळ्यातल्या लिंगावर गेला. "आमी लिंगायत, असलं खात न्हाई," म्हणलं. मालकाचं तोंड उतरलं. "इथं टिकायचं तर खायला शिक." मी म्हणलं, "टिकणार बी, अन् खाणार तर न्हाईच." शहाळं पिऊन उठलो.

तवापासून मालक जरा कमी बोलायलेत. तू जिवाला घोर लावून घेऊ नको. पेढी उघडायच्या आधी मी दारात उभा असतो.

तुझा गुडघा कसा हाय? मला बघायला चुडाव्याच्या ठेसनावर येऊन बसू नको, मीच घरी येतो. पाडव्याला सुटी मागणारच हाय. तुरीच्या डाळीचं कालवण कर. मी परत "भरपूर" म्हणीन.

तुझ्या पायाशी,
चंद्रप्पा